सामायिक संगणकाचे दफ्तर

वऱ्हाडात देशमुख आडनावाचा सुकाळ किती आहे हे अमरावतीच्या कोणत्याही महाविद्यालयाचे हजेरीपत्रक उघडून पाहणाऱ्याला निराळे सांगावे लागत नाही. आणि देशमुखांच्या पाठोपाठ वानखडे, इंगळे, गावंडे, तायडे, राऊत ही मंडळीही त्याच पत्रकात दाटीवाटीने बसलेली आढळतात. आता योगायोगाची गोष्ट अशी, की युनिक्स नावाच्या ज्या संगणकप्रणालीचा वारसा सांगणाऱ्या लिनक्सवर आपल्याकडील अभियांत्रिकी आणि विज्ञान महाविद्यालयांतल्या अनेक प्रयोगशाळा आज चालतात, त्या युनिक्सने आपल्या आरंभीच्या काळात वापरकर्त्याच्या नावाला आठ रोमन अक्षरांची मर्यादा घातली होती, आणि ‘देशमुख’ हे आडनाव रोमन लिपीत लिहिले असता त्याची अक्षरे बरोबर आठ भरतात, वानखड्यांचीही आठच. पहिल्या देशमुखाची सोय त्यामुळे लागली, परंतु दुसऱ्याच्या नावापुढे भेद कळण्यापुरता एखादा आकडा जोडावा म्हटले, तर त्या आकड्याला जागाच उरली नाही. जगभरच्या व्यवस्थापकांनी अशा अडचणीतून जो मार्ग काढला तोच आपल्याकडेही रूढ झाला: आडनावाचा नाद सोडून शाखा, प्रवेशाचे वर्ष आणि हजेरी क्रमांक यांच्या मेळातून एक सांकेतिक नाव तयार करावयाचे आणि ते विद्यार्थ्याच्या माथी मारावयाचे. पुढे लिनक्सवर ही मर्यादा बत्तीस अक्षरांपर्यंत वाढली, पण वहिवाट कायम राहिली. तेव्हा यंत्रावर या घटकेला कोण काम करीत आहे हे पाहू जावे, तो माणसांऐवजी क्रमांकांची फौज समोर येते; आणि त्या क्रमांकामागचा देहधारी इसम कोण हे शोधण्याचा उद्योग, जो एरवी केवळ जिज्ञासेचा विषय ठरला असता, तो रोजच्या कारभाराचा भाग होऊन बसतो.

सामायिक संगणक म्हणजे काय, हेच प्रथम सांगितले पाहिजे, कारण खिशात संगणक घेऊन हिंडणाऱ्या पिढीला ती कल्पना परकी होत चालली आहे. अमरावतीचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६४ साली निघाले. अकोल्याचे कृषी विद्यापीठ, ज्याला डॉ. पंजाबराव देशमुखांचे नाव आहे (इथेही देशमुख आहेतच), ते २० ऑक्टोबर १९६९ रोजी स्थापन झाले. आणि अमरावती विद्यापीठ १ मे १९८३ रोजी नागपूर विद्यापीठापासून विलग झाले. या तिन्ही संस्थांची जन्मवर्षे ज्या कालखंडात पडतात, त्या कालखंडात संगणक ही वस्तूच मुळी एकट्याची नव्हती. प्रचंड किमतीचे यंत्र एका माणसाच्या संथ बोटांची वाट पाहत रिकामे बसते, ते अनेकांना एकाच वेळी कसे वापरू द्यावे, या प्रश्नाचे उत्तर मॅसॅच्युसेट्स तंत्रशास्त्र संस्थेत फर्नांडो कॉर्बातो आणि त्यांचे सहकारी यांनी नोव्हेंबर १९६१ मध्ये प्रात्यक्षिक करून दाखविले: यंत्राचा वेळ इतक्या बारीक तुकड्यांत वाटावयाचा, की प्रत्येकाला ते अखंड आपल्याच सेवेत आहे असे भासावे. १९६९ साली बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्सचा पाया घातला तो याच परंपरेत, आणि आजची लिनक्स प्रणाली त्या युनिक्सचा मूळ मजकूर न उचलताही तिचे सारे आचार पाळते. एका यंत्रावर अनेकजण आले, की कोणी कोणाचा हक्क बुडवू नये यासाठी नावांची नोंद ठेवणे ओघानेच आले. आणि नोंद आली की ती पाहण्याची सोयही आलीच.

युनिक्सने हे दफ्तर ज्या साधेपणाने मांडले त्याचे आजही कौतुक वाटते. ‘ईटीसी’ नावाच्या निर्देशिकेत ‘पासडब्ल्यूडी’ या त्रोटक नावाची एक साध्या मजकुराची फाइल असते. तिच्यात दर खात्यामागे एक ओळ, आणि त्या ओळीत अपूर्णविरामांनी विलग केलेले सात रकाने. पहिल्यात वापरकर्त्याचे सांकेतिक नाव. दुसऱ्यात एके काळी परवलीचा शब्द असे, त्याची हकीकत पुढे येईल. तिसऱ्यात त्या इसमाचा क्रमांक, चौथ्यात त्याच्या गटाचा क्रमांक. पाचव्यात त्याचे खरे नाव आणि इतर तपशील. सहाव्यात त्याचे घर, म्हणजे त्याच्या फायलींची निर्देशिका. आणि सातव्यात त्याच्या आज्ञा ऐकून घेणाऱ्या कार्यक्रमाचे, ज्याला ‘शेल’ म्हणतात, त्याचे नाव. पूर्वी वऱ्हाडातल्या गावी पाटील-पटवाऱ्याचे दफ्तर चावडीत असे आणि कोणते शेत कोणाच्या नावे आहे हे विचारावयास कोणीही येऊ शके, तशीच ही वही वाचावयास सर्व वापरकर्त्यांना मुभा असते. खाडाखोडीचा अधिकार मात्र एकट्या मुख्य व्यवस्थापकाचा, ज्याला या व्यवहारात ‘रूट’ म्हणतात आणि ज्याचा क्रमांक शून्य असतो.

वही खुली ठेवण्यात कोणाचे औदार्य नव्हते, ती यंत्राची निकड होती. फाइलीवर मालकाचे नाव लिहिलेले नसते, क्रमांक लिहिलेला असतो. तेव्हा एखाद्या विद्यार्थ्याने फायलींची साधी यादी मागितली तरी तिच्यात क्रमांकाच्या जागी नाव दाखविण्यासाठी यंत्राला दर वेळी ही वही चाळावी लागते, आणि ती कुलूपबंद ठेवली तर सामान्य माणसाला आपल्या शेजाऱ्याचीच काय, स्वतःची ओळखही पटणार नाही. यंत्राच्या लेखी खरा माणूस म्हणजे क्रमांक, नाव हे केवळ मानवी सोयीसाठी चिकटविलेले लेबल, हे एकदा मनात ठसले म्हणजे प्रयोगशाळेतल्या कितीतरी चमत्कारांचा उलगडा होतो. उदाहरणार्थ, उत्तीर्ण होऊन गेलेल्या विद्यार्थ्याचे खाते काढून टाकले, पण त्याच्या फायली इतस्ततः राहून गेल्या, तर यादीत त्यांच्या मालकाच्या जागी उघडा क्रमांक दिसू लागतो. आणि जूनमध्ये नवी तुकडी आली व तोच क्रमांक कोणा नवागताला दिला गेला, की त्या सर्व बेवारस फायली त्या भाग्यवंताच्या मालकीच्या होतात. वारसाहक्काचा असा निकाल कोणत्याही तहसील कचेरीत लागला नसता. म्हणून जाणते व्यवस्थापक एकदा दिलेला क्रमांक पुन्हा देत नाहीत, आणि मालक नसलेल्या फायली शोधून काढण्याची आज्ञा वर्षअखेरीस चालवितात.

पाचव्या रकान्याची कथा मोठी मनोरंजक आहे. यात माणसाचे पूर्ण नाव असते हे खरे, पण त्या रकान्याचे अधिकृत नाव ‘जीकॉस’ असे आहे, आणि त्याचा नावाशी किंवा पत्त्याशी काहीएक संबंध नाही. जनरल इलेक्ट्रिक या कंपनीच्या मोठ्या संगणकांवर चालणाऱ्या एका प्रणालीचे ते नाव. १९७० साली कंपनीचा संगणकविभाग हनीवेलने घेतला आणि नाव थोडे आखडले. बेल प्रयोगशाळेतील युनिक्सची यंत्रे छपाईचे आणि काही जड काम या मोठ्या यंत्राकडे पाठवीत, आणि त्या यंत्राला पाठविणाऱ्याची जी ओळख द्यावी लागे ती नोंदविण्यासाठी युनिक्सच्या वहीत एक रकाना राखून ठेवला होता. ते मोठे यंत्र गेले, तो व्यवहार संपला, रकाना मात्र उरला. आणि रिकाम्या रकान्यात लोकांनी आपली नावे लिहावयास प्रारंभ केला. रूढीने त्यात स्वल्पविरामांनी विलग केलेले चार तपशील येतात: पूर्ण नाव, खोलीचा क्रमांक, कचेरीचा दूरध्वनी आणि घरचा दूरध्वनी. एखाद्या अमलाचा अस्त झाल्यावरही त्याचे शब्द महसुली दफ्तरात पिढ्यान्‌पिढ्या नांदावेत, हे निजामाचा आणि मग इंग्रजांचा अंमल पाहिलेल्या वऱ्हाडाला नवलाचे वाटणार नाही. हा रकाना ‘सीएचएफएन’ या आज्ञेने वापरकर्ता स्वतः बदलू शकतो, व्यवस्थापकाने मज्जाव केला नसेल तर. त्यात देवनागरी अक्षरेही बसतात, जरी काही यंत्रे त्याबद्दल किरकोळ कुरकुर नोंदवितात. मात्र विसर्गाच्या जागी अपूर्णविराम टंकण्याची जुनी सवय ज्यांना आहे त्यांनी येथे जपावे, कारण अपूर्णविराम हीच या वहीतील रकान्यांची सीमारेषा आहे, आणि सीमारेषेचे चिन्ह नावात आणू पाहणाऱ्याचा अर्ज आज्ञा तत्काळ फेटाळते.

या दफ्तरातून माहिती काढण्याच्या आज्ञा थोड्या आहेत. ‘आयडी’ ही आज्ञा एखाद्याचा क्रमांक, त्याचा मूळ गट आणि तो ज्या इतर गटांत सामील आहे ते गट सांगते, आणि पुष्कळदा ‘मला ही फाइल का उघडत नाही’ या विद्यार्थ्याच्या तक्रारीचे उत्तर त्या एका ओळीत मिळते. ‘गेटेंट’ ही आज्ञा वहीतील त्या माणसाची संपूर्ण ओळ आणून देते. आणि वही थेट उघडून वाचण्यापेक्षा तिचाच अवलंब करावा, कारण मोठ्या संस्थेत नोंदी एका यंत्रावरच्या फाइलीत असतीलच असे नाही, त्या मध्यवर्ती सर्व्हरवरील सूचीत असू शकतात. एकाच संस्थेच्या अनेक प्रयोगशाळांनी आपापली वही ठेवावी, आणि विद्यार्थ्याचा पासवर्ड एका इमारतीत एक व दुसरीत दुसरा असावा, हा गोंधळ टाळण्यासाठीच अशा सूचींचा जन्म झाला. सन कंपनीने ऐंशीच्या दशकात असली एक व्यवस्था ‘यलो पेजेस’ नावाने आणली होती, आणि ते नाव ब्रिटनमध्ये दुसऱ्याच्या नोंदणीकृत मालकीचे निघाल्याने तिला ते बदलावे लागले. ‘गेटेंट’ला नोंद कोठे आहे याच्याशी कर्तव्य नसते, ती स्थानिक वही आणि मध्यवर्ती सूची दोन्ही, ठरवून दिलेल्या क्रमाने, धुंडाळते.

वरील दोन आज्ञा माणूस कोण हे सांगतात. तो आत्ता हजर आहे काय हे सांगणाऱ्या आज्ञा निराळ्या. ‘हू’ ही त्यांतली वडीलधारी, नोव्हेंबर १९७१ च्या युनिक्सच्या पहिल्या मार्गदर्शिकेतही ती आहे. कोण, कोणत्या टर्मिनलवर, केव्हापासून, एवढेच ती सांगते. ‘डब्ल्यू’ ही एकाक्षरी आज्ञा अधिक चौकस: माणूस किती वेळ हात बांधून बसला आहे आणि या क्षणी कोणता कार्यक्रम चालवीत आहे हेही तिला ठाऊक असते. प्रात्यक्षिकाच्या तासाला संपूर्ण वर्ग एकाच सर्व्हरवर बसला असता त्याची गती मंदावली, तर मास्तरांना बाकाबाकांवरून फिरण्याची गरज राहत नाही. अनंत फेऱ्यांत अडकलेला कार्यक्रम कोणाचा, हे ‘डब्ल्यू’ जागेवरच दाखविते. ‘लास्ट’ या आज्ञेची दृष्टी भूतकाळाकडे: कोण केव्हा आला, केव्हा गेला, किती वेळ होता, याची उलट्या क्रमाने यादी ती देते, आणि यंत्र केव्हा केव्हा नव्याने सुरू झाले हेही त्यात येते. शतकाच्या आरंभीच्या वर्षांत वऱ्हाडाने जे भारनियमन सोसले, त्याच्या ऐन भरात ज्या प्रयोगशाळेत बॅटरीचा पुरेसा आधार नव्हता तेथील ‘लास्ट’ची यादी म्हणजे वीजकपातीचे तासवार रोजनामेच होते, वीज कंपनीच्या वेळापत्रकापेक्षा ते अधिक विश्वासार्ह असणार यात मला शंका नाही.

परंतु या सर्व आज्ञांत माणसाच्या सर्वांत जवळ गेलेली आज्ञा म्हणजे ‘फिंगर’. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत १९७१ साली लेस अर्नेस्ट यांनी ती रचली. तेथील मंडळी अवेळी काम करणारी, कोणी मध्यरात्री येई, कोणी पहाटे जाई, आणि कोणाला भेटावयाचे तर तो हाती केव्हा लागेल याचा नेम नसे. यंत्रावर हजर असलेल्यांची यादी दाखविणारा कार्यक्रम होता, पण त्यात केवळ संक्षिप्त खुणा असत. आणि अर्नेस्ट यांनी असे पाहिले की लोक त्या यादीवरून बोट फिरवीत हा अमुक, तो तमुक, आणि अमका तर कित्येक दिवसांत दिसला नाही, असे आपसांत बोलत असतात. त्या फिरणाऱ्या बोटाला त्यांनी कार्यक्रमाचे रूप दिले: खूण दिली की पूर्ण नाव, शेवटचे दर्शन केव्हा झाले, आणि टर्मिनल कोठे आहे, ही सर्व हकीकत समोर यावी. मग लोकांची मागणी आली, की आपण गैरहजर का आहोत आणि आपल्याला कोठे गाठता येईल हेही लिहून ठेवण्याची सोय हवी; तीतून ‘प्लॅन’ नावाची फाइल निघाली. युनिक्सवर ती आपल्या घरच्या निर्देशिकेत ठेवावयाची, नावाच्या आरंभी एक टिंब द्यावयाचे, म्हणजे सामान्य यादीत ती दिसत नाही, पण कोणी आपल्याविषयी ‘फिंगर’ने विचारणा केली की तिचा मजकूर विचारणाऱ्याला वाचून दाखविला जातो.

ही सोय एका यंत्रापुरती राहिली नाही. डिसेंबर १९७७ मध्ये केन हॅरेनस्टीन यांनी तिचा जाळ्यावरील संकेत लिहून काढला, आणि एकोणऐंशी क्रमांकाच्या द्वारावर कोणीही, कोठूनही, दुसऱ्या संस्थेच्या यंत्राला ‘तुमच्याकडचा अमुक आहे काय’ असे विचारू लागला. कार्नेगी मेलन विद्यापीठातील विनोदी मंडळींनी तर शीतपेयाच्या यंत्रालाच या व्यवस्थेत दाखल करून घेतले. कोणत्या रांगेत बाटल्या आहेत आणि त्या गार झाल्या की नाहीत हे आपल्या टेबलापाशी बसून कळे. नव्वदच्या दशकात जॉन कार्मॅक या खेळरचनाकाराने आपल्या ‘प्लॅन’मध्ये दैनंदिन कामाची टाचणे लिहिली आणि जगभरचे चाहते ती वाचण्यासाठी ‘फिंगर’ चालवीत.

आपल्या देशात हा व्यवहार थोडक्या लोकांच्या वाट्याला आला. १९८६ साली केंद्र शासनाच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने ‘अर्नेट’ हे शैक्षणिक जाळे विणावयास घेतले, आणि मुंबईतील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र व पवईची भारतीय तंत्रज्ञान संस्था त्यात होत्या. सर्वसामान्यांना इंटरनेट मिळाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमाकडून, आणि तेही प्रथम चार महानगरांत. त्या वेळच्या स्वस्त खात्याला ‘शेल खाते’ म्हणत: दूरध्वनी लावावयाचा, निगमाच्या युनिक्स यंत्रावर शिरावयाचे, आणि चित्रांविना, केवळ अक्षरांत, पत्रव्यवहार करावयाचा. तेव्हा ज्याला आपण इंटरनेटचा ग्राहक म्हणू तो वस्तुतः एका सामायिक यंत्राचा वापरकर्ता होता, इतर असंख्य अनोळखी माणसांबरोबर एकाच वहीत नोंदलेला. अकोल्यासारख्या ठिकाणच्या हौशी माणसाला तर त्या यंत्रापर्यंत पोहोचण्यासाठीच परगावचा दूरध्वनी, म्हणजे मिनिटागणिक वाढणारे बिल, पत्करणे भाग होते.

मात्र ज्या खुलेपणावर ही व्यवस्था उभी होती त्याचे दुसरे अंग तोवर उघड होऊन चुकले होते. १९८६ साली कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत क्लिफर्ड स्टॉल या खगोलशास्त्रज्ञाला, जो नाइलाजाने संगणक-व्यवस्थापक झाला होता, हिशेबात पंच्याहत्तर सेंटांची तफावत आढळली. आपल्याकडच्या कोणत्याही कारकुनाने ती खिशातून भरून मोकळी केली असती. स्टॉलने तिचा माग काढला, आणि वापरकर्त्यांच्या नोंदीत ‘हंटर’ नावाचे एक खाते निघाले, ज्याच्यापाशी बिल पाठविण्याचा पत्ताच नव्हता. तपासाचे टोक शेवटी जर्मनीतील हानोव्हर शहरी पोहोचले. या तपासात मला जे सर्वाधिक अर्थपूर्ण वाटते ते असे, की तो घुसखोर यंत्रात शिरताच प्रथम कोणकोण हजर आहे याची यादी मागे, आणि त्यात एखादा व्यवस्थापक दिसला की काढता पाय घेई. शेजाऱ्याची विचारपूस करण्यासाठी जी आज्ञा जन्मली, तीच पहारेकरी जागा आहे की नाही हे पाहण्यासाठीही तितकीच उपयोगी पडते. आज्ञेला विचारणाऱ्याचा हेतू कळत नाही.

दुसरा आघात याहून मोठा. २ नोव्हेंबर १९८८ च्या सायंकाळी रॉबर्ट टॅपन मॉरिस या कॉर्नेल विद्यापीठातील विद्यार्थ्याने सोडलेला, स्वतःच्या प्रती आपणच काढीत पसरणारा कार्यक्रम अमेरिकेतील जाळ्यावर धावू लागला आणि सुमारे सहा हजार यंत्रे त्याने ठप्प केली, असा त्या वेळचा अंदाज होता. त्याच्या शिरकावाचा एक मार्ग ‘फिंगर’च्या त्या एकोणऐंशी क्रमांकाच्या द्वारातून जात होता: विचारणा ऐकणाऱ्या कार्यक्रमाने पाचशे बारा अक्षरांची जागा राखली होती, पण येणारा मजकूर तेवढाच आहे की नाही हे तपासण्याची तसदी घेतली नव्हती, मॉरिसने पाचशे छत्तीस अक्षरे पाठविली, आणि सांडलेल्या अक्षरांनी यंत्राला आपल्या हुकमाचे ताबेदार केले. दुसरा मार्ग थेट आपल्या वहीतून जातो. तो कार्यक्रम वहीतील प्रत्येक वापरकर्त्याचे सांकेतिक नाव आणि पाचव्या रकान्यातील खरे नाव उचली, आणि तेच शब्द, सरळ, उलटे, दुहेरी, पासवर्ड म्हणून लावून पाही; मग आपल्यापाशी असलेल्या चारशे बत्तीस शब्दांची यादी काढी. जो रकाना शेजाऱ्याला ओळख पटावी म्हणून भरला, तोच दरोड्याचे साहित्य झाला.

यातली नियतीची थट्टा अशी, की या मॉरिसचे वडील, तेही रॉबर्ट मॉरिसच, बेल प्रयोगशाळेत असताना १९७९ साली केन थॉम्प्सनबरोबर युनिक्सच्या पासवर्डांवर एक प्रसिद्ध निबंध लिहून गेले होते. त्यांनी गोळा केलेल्या ३,२८९ पासवर्डांपैकी ८६ टक्के एक तर अतिशय आखूड होते किंवा शब्दकोशात, नावांच्या याद्यांत सापडण्यासारखे होते. युनिक्स दुसऱ्या रकान्यात मूळ पासवर्ड न ठेवता त्याचे उलगडता न येणारे रूपांतर ठेवी, आणि म्हणून ती वही सर्वांना खुली ठेवण्यात धोका नाही असे मानले जाई. पण यंत्रे वेगवान झाली, आणि रूपांतर उलगडता आले नाही तरी अंदाजाने शब्द घेऊन, त्याचे रूपांतर करून, जुळते का हे पाहणे सोपे झाले. त्यावर तोड म्हणून ती गुप्त रूपांतरे ‘शॅडो’ नावाच्या, फक्त व्यवस्थापकाला वाचता येणाऱ्या, वेगळ्या फाइलीत हलविण्यात आली. वहीच्या दुसऱ्या रकान्यात आता एक निरर्थक ‘एक्स’ उभा असतो. सार्वजनिक नोंद आणि गुपित हे दोन्ही एकाच पानावर ठेवण्याची चूक दुरुस्त व्हावयास जवळपास दोन दशके लागली.

‘फिंगर’ मात्र दुरुस्त झाली तरी पुन्हा वर आली नाही. बहुतेक संस्थांनी ती सेवा जाळ्याकडून बंद केली, आणि आजच्या लिनक्सवर ती मुळात बसविलेलीच नसते. मला हा निकाल अर्धाच न्याय्य वाटतो. जगाला विचारपूस करू देणे चूक होते यात वाद नाही. परंतु अमरावतीच्या एखाद्या प्रयोगशाळेत, जेथे सर्व वापरकर्ते परस्परांना वर्गात रोज भेटतात, तेथे क्रमांकामागचे नाव दिसावे यात कोणाचे काय बिघडते? बिघडते ते त्या नावाच्या जोडीला घरचा दूरध्वनी आणि वसतिगृहातील खोली लिहिली असता. विशेषतः मुलींच्या बाबतीत असा तपशील सर्वांना वाचता येणाऱ्या फाइलीत ठेवणे हा निष्काळजीपणा आहे, आणि २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यानंतर तर संस्थांनी त्याकडे अधिकच काळजीने पाहावयास हवे. नाव तेवढे ठेवावे, बाकीचे तीन तपशील कोरे सोडावेत. आणि विद्यार्थ्यांना आणखी एक गोष्ट पहिल्याच आठवड्यात सांगावी: सामायिक यंत्रावर आपण जी आज्ञा देतो तिचे पूर्ण शब्द, कार्यक्रम चालू असेपर्यंत, ‘पीएस’ या आज्ञेने इतरांनाही सामान्यतः वाचता येतात, तेव्हा आज्ञेच्या ओळीतच पासवर्ड लिहिणे म्हणजे तो फळ्यावर लिहिणे होय.

या जुन्या आज्ञांपैकी काहींना आता वयाचीही बाधा झाली आहे. ‘हू’ आणि ‘लास्ट’ ज्या हजेरीवहीवर विसंबतात तिच्यात वेळेसाठी बत्तीस बिटांची जागा आहे, आणि आधुनिक चौसष्ट बिटांच्या यंत्रांवरही जुन्याशी मेळ राहावा म्हणून ती तशीच ठेवली गेली. १ जानेवारी १९७० पासून मोजलेल्या सेकंदांची ती संख्या १९ जानेवारी २०३८ रोजी, भारतीय वेळेनुसार सकाळी आठ वाजून चव्वेचाळीस मिनिटे आणि सात सेकंदांनी, आपल्या मर्यादेला पोहोचते. म्हणून काही लिनक्स वितरणांनी हजेरी ठेवण्याची रीतच बदलावयास घेतली आहे: २०२५ साली आलेल्या डेबियनच्या तेराव्या आवृत्तीत जुनी ‘लास्ट’ आज्ञा आपोआप येत नाही, तिच्या जागी नवे साधन व्यवस्थापकाला मागून बसवावे लागते. जुनी हजेरीवही, नेहमीच्या मांडणीनुसार, महिन्याला बदलली जाते आणि मागची एखादीच प्रत शिल्लक ठेवली जाते. ज्या प्रयोगशाळेला आपल्या गेल्या काही वर्षांच्या नोंदी हव्या असतील तिने नवी आवृत्ती बसविण्यापूर्वी त्या फायली दुसरीकडे उतरवून घ्याव्यात.